टिलीचे बाबा आणि मफिनचा बंदोबस्त

व्हर्नन लिंडक्विस्टला पिटबुल जातीच्या कुत्र्यांची भीती वाटत होती, असं तो अजूनही सांगतो. ते खरं नाही. त्याला मत्सर वाटत होता. पण मत्सर वाटतो असं चारचौघांत सांगायची सोय नाही, म्हणून माणसं भीती वाटते असं सांगतात. भीतीला समाजात मान आहे. भीती वाटते म्हटलं की शेजारीपाजारी चौकशीला येतात, नगरपालिका समिती नेमते. मत्सराला कुणी समिती नेमत नाही. उलट बायको हसते, आणि व्हर्ननची बायको मार्लीस तर पहिल्याच दिवशी हसली होती.

आमच्या गावाच्या टोकाला पाण्याच्या टाकीखाली कुत्र्यांचं मैदान आहे. भोवती कुंपण, आत जायला एकामागे एक दोन फाटकं. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, आणि मधल्या कोंडवाड्यात कुत्र्याची दोरी सोडायची. दुसरं फाटक उघडलं की कुत्रं मोकळं होतं आणि माणूस रिकामी दोरी हातात धरून मागून चालत जातो. या मैदानाचा एक रिवाज आहे. इथे कुत्र्यांना नावं असतात, माणसांना नसतात. माणसं म्हणजे ऑस्करची आई, ड्यूकचे बाबा. एकमेकांच्या कुत्र्यांचे जंत, दात, जुलाब सगळ्यांना तोंडपाठ, पण समोरच्याचं नाव विचारायचं कुणाला सुचत नाही. आणि दोनतीन वर्षं झाल्यावर मग विचारायचीच लाज वाटते.

व्हर्नन तिथे टिलीचे बाबा होता. टिली म्हणजे सोनेरी केसांची, लोकरीच्या गोळ्यासारखी गोल्डन रिट्रीव्हर कुत्री, घरंदाज. व्हर्ननचा जन्म विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर त्याला विचारणारं जगात मैदान हे एकच ठिकाण उरलं. उन्हातला बाक त्याचा. नवीन कुणी आलं तर फाटकांची पद्धत समजावून सांगायचं काम त्याचं. कुणी कुत्र्यासाठी बिस्किटं आणली तर फळ्यावरचा नियम बोट ठेवून दाखवायचं कामही त्याचंच. आणि टिलीचं मनसोक्त पळून झालं की येऊन त्याच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवायची. तेवढ्यासाठी तो रोज जात होता, असं म्हटलं तरी चालेल.

उन्हाळा संपता संपता गॉर्डी आला. निवृत्त पोस्टमन, पोट सुटलेला, सतत काहीतरी गुणगुणणारा. त्याच्याबरोबर एक पिटबुल कुत्री होती. डोकं भोपळ्याएवढं, कान कुरतडल्यासारखे, छाती पैलवानाची. नाव मफिन. गोड केकचं नाव असल्या जनावराला ठेवणं ही शुद्ध फसवणूक आहे, असं व्हर्ननने पहिल्याच दिवशी मत दिलं. त्या दिवशी सगळे त्याच्या बाजूचे होते. लहान कुत्री भराभर कडेवर गेली. ड्यूकच्या बाबांनी तर ड्यूकलाही उचलायचा प्रयत्न केला, आणि ड्यूक वासराएवढा ग्रेट डेन आहे.

पण आमच्या भागात कुणाला वाईट म्हणत नाहीत. अगदीच डोक्यावरून पाणी गेलं तर "जरा वेगळंच आहे" म्हणतात. दोन दिवस मफिन जरा वेगळीच होती. तिसऱ्या दिवशी ऑस्करच्या आईने चौकशी केली, चौथ्या दिवशी ऑस्कर, म्हणजे तिचा वीतभर डाख्सहुंड, मफिनच्या पोटावर उभा राहून भुंकत होता आणि मफिन पाय वर करून पडली होती. आठवडा संपायच्या आत सगळं मैदान म्हणायला लागलं, "गुड मॉर्निंग, गॉर्डी."

गॉर्डी. मफिनचे बाबा नव्हे, नावाने गॉर्डी. इतकी वर्षं नियमाने येणारा माणूस टिलीचे बाबा, आणि हा काल आलेला पोस्टमन गॉर्डी. व्हर्ननला हे फार लागलं.

तरी तेही त्याने गिळलं असतं. पण एका सकाळी त्याने दुसरं फाटक उघडलं आणि टिली मैदानाला फेरी न मारता, कुणाचा वास न घेता, तडक गॉर्डीकडे गेली. त्याच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली आणि डोळे मिटले. बाक व्हर्ननचा, कुत्री व्हर्ननची, गुडघा तेवढा गॉर्डीचा.

"त्याच्या खिशात बिस्किटं असतील," मार्लीस म्हणाली.

"मैदानात खाऊ आणायला बंदी आहे. मी तपासलं. त्याचे खिसे रिकामे होते."

"तू त्याचे खिसे तपासलेस?"

"लांबून."

"मग खाऊ नाही. मग स्वभाव असेल त्याचा," असं म्हणून ती हसली, ते हे हसणं.

त्याच संध्याकाळी व्हर्ननची भीती सुरू झाली.

भीतीला खतपाणी घालायला शेजारी लागतात, आणि ते होतेच. पलीकडच्या घरातला लेस कुंपणावर कोपर ठेवून म्हणाला, "पिटबुलचा जबडा एकदा मिटला की कुलूप बसतं बघ. माझ्या मेव्हण्याने फार्गोला स्वतः ऐकलंय." लेसने जन्मात कुत्रं पाळलेलं नाही. त्याच्याकडे एक कासव होतं, तेही पळून गेलं. पण व्हर्ननने मान डोलावली आणि विम्याचा दाखला जोडला. कंपनीत असताना घराचा विमा उतरवायला कुत्र्याची जात विचारायचे, आणि पिटबुल म्हटलं की साहेब चष्मा काढून पुसायचे. इतका पुरावा त्याला पुरेसा होता. तो टाय लावून नगरपालिकेत गेला.

खिडकीत क्रिस्टा नावाची हसरी मुलगी होती. व्हर्नन म्हणाला, "मैदानात पिटबुलला बंदी घालायची आहे."

"जातीचं नाव घेऊन नियम करता येत नाही हो. राज्याचा कायदा आहे. वागणुकीवर करता येतो. तिने काय केलं?"

"अजून काही केलं नाही."

"मग?"

"करेल."

"केलं की या," क्रिस्टा म्हणाली आणि तिने त्याच्यापुढे चॉकलेटची वाटी सरकवली. आमच्याकडे नाही म्हणायचं असलं की चॉकलेट देतात.

आता मफिनने काहीतरी करावं म्हणून व्हर्नन मोबाइल घेऊन बाकामागे उभा राहायला लागला. मफिनने त्याला कसलीही मदत केली नाही. ती वाऱ्याने उडालेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीला घाबरली. ती स्वतःच्या शिंकेला घाबरली. एकदा तिने दात दाखवले, तेव्हा व्हर्ननचा जीव भांड्यात पडला, पण ती जांभई होती. चार दिवसांच्या चित्रीकरणात त्याचा स्वतःचा अंगठा आणि एक खार एवढंच निघालं.

तेव्हा त्याने स्वतःच नियम लिहायला घेतला. कलमं लिहिणं हे त्याचं खरं क्षेत्र. जातीचा उल्लेख नाही, सगळं वागणुकीवर. जो कुत्रा दुसऱ्यावर दात विचकून गुरगुरेल किंवा अंगावर जाईल, त्याला महिनाभर मैदान बंद. देखरेखीला सभासदांतलाच एक निरीक्षक, पिवळं जाकीट घातलेला. शेवटी त्याने एक अपवाद घातला, की मालकाच्या रक्षणासाठी कुत्रा धावून गेला असेल तर माफ. हा अपवाद लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर चित्र होतं. मफिन पिसाळून त्याच्यावर झेप घेते, आणि टिली, गॉर्डीला सोडून, मध्ये पडते. ते चित्र त्याने बराच वेळ पाहिलं. मग मार्लीसने जेवायला हाक मारली.

"तुझं भांडण नेमकं कुत्रीशी आहे का त्याच्याशी?" तिने ताटात ओव्हनमधला बटाट्याचा हॉटडिश वाढत विचारलं.

"तत्त्वाचं आहे."

"बरं. मग तत्त्वाला थोडे वाटाणे घे."

नियम समितीपुढे न्यायचा तर रहिवाशांच्या सह्या हव्यात. व्हर्नन कागद घेऊन मैदानात गेला आणि सगळ्यांनी सह्या केल्या, कारण आमच्याकडे तोंडावर नाही म्हणणं हा उद्धटपणा समजतात. गॉर्डीनेसुद्धा कागद मागून घेतला, पूर्ण वाचला.

"फार छान लिहिलंयस," तो म्हणाला. "बरं झालं. माझ्या मफिनला गुरगुरणाऱ्या कुत्र्यांची फार भीती वाटते." आणि त्याने मांडीवर कागद ठेवून सही केली. मांडीच्या दुसऱ्या बाजूला टिलीची हनुवटी होतीच.

व्हर्नन तो कागद घेऊन विजयी वीरासारखा क्रिस्टाकडे गेला. तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ऑस्करची आई," तिने वाचलं. "ड्यूकचे बाबा. बेला आणि कोकोची आई. इथे नुसताच पंजा काढलाय."

"ते चित्रकार आहेत."

"मतदारयादीत यांना कसं शोधू हो मी? ऑस्करची आई कुठल्या नावाने मत देते?"

व्हर्ननला माहीत नव्हतं. त्याने ऑस्करच्या जुलाबांवर औषध सुचवलं होतं, पण ऑस्करच्या आईचं नाव त्याला माहीत नव्हतं.

"यातली एकच सही धरता येईल," क्रिस्टा म्हणाली. "गॉर्डन थिओडोर बाकन. पूर्ण नाव, पत्ता, पिनकोड. अक्षर किती सुरेख आहे. आणि ही सगळ्यात वरची कुणाची? टिलीचे बाबा?"

व्हर्ननने एक चॉकलेट घेतलं.

आता सगळ्यांची नावं विचारणं आलं. इतक्या वर्षांनंतर "आपलं नाव काय?" म्हणून विचारायचं म्हणजे लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायकोचं माहेर कुठलं म्हणून विचारण्यासारखं. व्हर्नन फाटकाशी घुटमळत होता, तेव्हा गॉर्डीच पुढे झाला.

"चल, मी येतो बरोबर. मला सगळ्यांची नावं ठाऊक आहेत. जन्मभर दारावरच्या पाट्याच वाचल्यात." आणि त्याने व्हर्ननच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मैदानभर फिरवलं. "डोरोथी, हा व्हर्नन."

"कोण व्हर्नन?" ऑस्करच्या आईने विचारलं.

"अगं, टिलीचे बाबा."

"अगंबाई, तुमचं नाव व्हर्नन आहे? मला आपलं वाटायचं कीथ असेल."

"का?"

"तुम्ही कीथसारखे दिसता," ती प्रेमाने म्हणाली.

नियम मंजूर झाला. समितीच्या कागदावर सूचक लिंडक्विस्ट, अनुमोदक बाकन असं आलं. गावच्या साप्ताहिकाने 'कुत्र्यांसाठी एकजूट' अशा मथळ्याखाली फोटो छापला. फोटोत मध्यभागी गॉर्डी, एका बाजूला मफिन, दुसऱ्या बाजूला टिली, वर पाहत. कडेला एक कोपर दिसत होतं, ते व्हर्ननचं. मार्लीसने तो फोटो कापून फ्रिजवर लावला. "टिली किती सुंदर आलीय बघ," ती म्हणाली. व्हर्ननला तहान लागली तरी दोन दिवस त्याने फ्रिज उघडला नाही.

ऑस्करची आई, आता डोरोथी, निरीक्षक झाली. पिवळं जाकीट तिला घोट्यापर्यंत येत होतं, पण कर्तव्यबुद्धी त्याहून लांब होती. तिने गळ्यात शिट्टीही अडकवली, जी नियमात नव्हती.

आणि मग ती सकाळ आली. गॉर्डी बाकावर बसून टिलीच्या कानामागे खाजवत होता. व्हर्नन मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, टिलीने जे केलं होतं ते पिशवीत भरून कचऱ्याच्या डब्याशी उभा होता. तेवढ्यात मफिन आली. आपल्याच मालकाच्या, आपल्याच हक्काच्या दुसऱ्या गुडघ्यावर तिने भोपळ्यासारखं डोकं ठेवलं.

टिलीने डोळे उघडले. ओठ वर गेला. असले दात टिलीला आहेत हे व्हर्ननला त्या दिवशी कळलं. ती गुरगुरली आणि मग तिने मफिनचा कानच दातांत धरला. मफिन इतकी किंचाळली की टाकीवरची कबुतरं उडाली. ती बाकाखाली शिरली आणि अडकली. शिट्टी वाजली.

व्हर्नन हातातल्या पिशवीसकट धावत आला. "काय झालं?"

"मला फार वाईट वाटतंय, व्हर्नन," डोरोथी म्हणाली. "नियम तुमचाच आहे आणि फार चांगला आहे. पण ती दात विचकून अंगावर गेली."

मफिनच्या कानाला एवढंसं रक्त आलं होतं. गॉर्डी तिला बाकाखालून ओढता ओढता टिलीला म्हणत होता, "असू दे गं, असू दे, राणी." आणि टिली त्याच्या पायाशी पाठ लावून, सगळ्या जगाकडे दात विचकून उभी होती. व्हर्नन जवळ आला तर ती त्याच्यावरही गुरगुरली, हळूच, पण गुरगुरली.

कुत्री चावरी निघाली याचं व्हर्ननला दुःख झालं, नाही असं नाही. पण खरं दुःख ते नव्हतं. नियम लिहिताना जे चित्र त्याने डोळ्यांसमोर धरलं होतं, ते हुबेहूब घडलं होतं. टिली झेप घेऊन मध्ये पडली होती. फक्त पलीकडे माणूस दुसरा होता.

सुनावणी नगरपालिकेच्या लहान खोलीत झाली. उद्यान विभागाचे एक वयस्क अधिकारी होते, क्रिस्टा टिपणं घेत होती, आणि मागे मैदानातली सगळी मंडळी आणि मार्लीस बसली होती. अधिकाऱ्यांनी नियम वाचला. अपवादाच्या कलमाशी ते थांबले.

"हे कलम उत्तम आहे," ते म्हणाले. "मालकाचं रक्षण करताना झालं असेल, तर मी कुत्रीला आत्ता सोडतो. मिस्टर लिंडक्विस्ट, ती कुणाचं रक्षण करत होती?"

खोलीत सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. कुणाचं ते प्रत्येकाला ठाऊक होतं.

गॉर्डी उठला. "साहेब, ती याचं रक्षण करत होती," तो म्हणाला. "व्हर्नन माझ्या मागेच उभा होता. माझी मफिन जरा धसमुसळी आहे, आली धावत. टिलीला वाटलं, मालकावरच येतेय. जीव आहे तिचा त्याच्यावर."

किती सरळ चेहऱ्याने बोलला तो. मागे डोरोथीने डोळे पुसले. क्रिस्टानेसुद्धा टिपणं थांबवून गॉर्डीकडे असं पाहिलं, जसं व्हर्ननकडे कधी कुणी पाहिलं नव्हतं. व्हर्ननने नुसतं "हो" म्हणायचं होतं, आणि टिली सुटत होती. त्याने तोंड उघडलंही. पण त्याला दिसलं, की याने कुत्री घेतली, बाक घेतला, मैदान घेतलं, आणि आता थोरपणाही हाच घेऊन चालला आहे. ते मात्र व्हर्ननला सहन झालं नाही.

"खोटं आहे," तो म्हणाला. "मी कचऱ्याच्या डब्याशी होतो. हातात पिशवी होती."

"दोस्ता, तू मागे होतास," गॉर्डी हळूच म्हणाला.

"मी नव्हतो. ती तुझं रक्षण करत होती. तू तिचा मालक नाहीस, पण तिला तू आवडतोस. माझ्यापेक्षा जास्त आवडतोस. हे लिहून घ्या," तो क्रिस्टाला म्हणाला.

"नाही हो साहेब, त्याच्यावरच जीव आहे तिचा."

"याच्यावर आहे. सगळ्यांना माहीत आहे. विचारा."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. दोन म्हातारे कुत्रीच्या प्रेमाचा मान एकमेकांवर ढकलत भांडताहेत, असा प्रसंग त्यांच्या नोकरीत आला नसावा. त्यांनी टिलीला महिनाभर मैदान बंद केलं आणि दोघांनाही चॉकलेट दिलं.

परतताना गाडीत मार्लीस म्हणाली, "चांगलं बोललास आज." व्हर्ननला वाटलं, ती चेष्टा करतेय. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती करत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणाचं दार वाजलं. गॉर्डी आणि मफिन. "टिलीला करमणार नाही म्हणून म्हटलं आपणच यावं," तो म्हणाला, आणि मार्लीसने "या ना, बसा" म्हणत कॉफी ठेवली. भोपळ्याच्या वड्या काढल्या. आतापर्यंत त्या फक्त चर्चच्या बायकांना मिळत होत्या. अर्ध्या तासात ती गॉर्डीच्या टपालाच्या गोष्टींवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. टिली त्याच्या पायांवर आडवी पसरली होती. मफिनला तिने जवळ यायला बंदी केली होती, नियमाशिवाय.

व्हर्नन पायरीवर एकटा बसला. अंगण आपलं, वड्या आपल्या, बायको आपली, आणि आपण इथे. त्याने एक वडी उचलली आणि नुसती हातात धरून ठेवली.

मफिन अंगणाच्या मध्यभागी उभी राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. मग ती व्हर्ननपाशी आली. पाठमोरी झाली, अंदाज घेतला, आणि त्याच्या उजव्या पावलावर सगळ्या वजनानिशी बसली. मग सावकाश मागे रेलली. तिचं ते भलंमोठं डोकं त्याच्या छातीला लागलं आणि तिने एक लांब सुस्कारा सोडला.

"मफिन, इकडे ये," गॉर्डी म्हणाला.

मफिन हलली नाही.

"मफिन." त्याने मांडीवर थाप मारली. दुसऱ्यांदा मारली. टपालाची गोष्ट अर्ध्यावर राहिली होती. "मफिन, चल ये, राणी."

व्हर्ननने मान वर करून पाहिलं. गॉर्डी हसत होता, पण ते हसू जरा वेगळंच होतं. ते व्हर्ननच्या चांगल्या ओळखीचं होतं, गेले कित्येक आठवडे रोज सकाळी दाढी करताना तो ते आरशात पाहत होता.

"तिला थंडी वाजत असेल," गॉर्डी म्हणाला.

"असेल," व्हर्नन म्हणाला. त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. त्याने पाय तसाच ठेवला आणि हातातली वडी मोडून अर्धी मफिनला दिली.